पडद्यावरची अरबी

आमच्या घरात सगळेच भांडल्यासारखे बोलतात, असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पुढच्या खोलीत अब्बांचं कापूस पिंजायचं यंत्र दिवसभर घरघरत असायचं. त्याच्यावर आवाज चढवल्याशिवाय नुसतं मीठ मागितलं तरी कुणाला ऐकू जात नसे. कापसाचे तंतू आमच्या केसांत, पापण्यांवर, डाळीत, सगळीकडे असायचे. अम्मा भाकरी थापताना तोंडाला पदर बांधायची, तरी जेवताना कुणाच्या तरी दातांत तंतू यायचाच, आणि अब्बा म्हणायचे, खा, घरचाच आहे. शाळेत मुली मला म्हातारी म्हणून चिडवायच्या. आता डोकं खरोखरच पांढरं झालं आहे, तर चिडवायला त्यांच्यातली एकही जवळ नाही.

धामणगाव बढ्यात आम्हा पिंजाऱ्यांची मोजकीच घरं. बोलायचो गावासारखंच वऱ्हाडी, फक्त हिंदी-उर्दूची फोडणी थोडी जास्त. शाळा मराठी. अम्मा शाळेत गेलीच नव्हती. शिरगणतीला आलेल्या गुरुजींनी तिच्या नावापुढे 'निरक्षर' लिहिलं, तेव्हा मला फार राग आला होता, कारण अम्मा वाचायची. मराठी नाही, उर्दूही नाही, पण अरबी अक्षर ती घडाघडा वाचायची. तिच्या माहेरच्या मशिदीतल्या उस्तादांनी तिला लहानपणी कुराण वाचायला शिकवलं होतं, आणि पहाटेची नमाज झाली की चुलीत काडी लावायच्या आधी ती डोक्यावर पदर घेऊन वाचायला बसायची. यंत्र सुरू व्हायच्या आधीचा तेवढाच वेळ आमच्या घरात शांतता असे, आणि त्या शांततेत अम्माचा आवाज. अर्थ तिला कळत नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "अर्थ त्याले कळते नं, ज्याच्यासाठी वाचतो. मले कायले पाह्यजे?" आम्हा भावंडांना गावच्या हाफिजसाहेबांनी तसंच शिकवलं. अक्षराच्या वरखाली उच्चाराच्या खुणा असतात, जेर आणि जबर, त्या बघायच्या आणि वाचत जायचं. हाफिजसाहेबांना सगळं कुराण तोंडपाठ होतं, उर्दूही चांगली यायची, ती ते खुणांशिवायही वाचायचे. पण अरबी बोलणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि अख्ख्या गावातही कुणी पाहिला नव्हता. अरबी म्हणजे देवाशी बोलायची भाषा. त्या भाषेत कुणी कांद्याचा भाव विचारत असेल, हे आमच्या डोक्यातच येत नव्हतं.

माझा थोरला भाऊ युनूस आखातात गेला, तेव्हापासून या गोष्टीने आमच्या घरात एक गंमत करून ठेवली. तो कुणा ना कुणाबरोबर सामान पाठवायचा: खजूर, दूध पावडरचे डबे, डोकेदुखीचा बाम, शाम्पू. त्या सगळ्यावर अरबी छापलेलं. शाम्पू संपला की मी बाटली फेकायला निघाले, तर अम्माने हातातून हिसकावून घेतली. "कुराणातली आयत असली तं?" तिने ती बाटली धुतली, पुसली, डोळ्यांना लावली आणि वरच्या फळीवर ठेवली. हळूहळू फळी भरली. डबे, बाटल्या, एका बिस्किटाच्या पुड्याचा कागदसुद्धा. अब्बा हसायचे, म्हणायचे, सारं सौदीच वर नेऊन ठेवलं बाईनं. पण त्यांनीही त्यातली एक वस्तू कधी खाली काढली नाही.

युनूसभाई गेला तो फोममुळे. बाजारात फोमच्या गाद्या आल्या आणि आमच्या दारात उसवलेल्या गाद्या घेऊन येणारी माणसं कमी होत गेली. अब्बा म्हणायचे, चार दिवसांची हवा आहे, पाठ दुखायला लागली की येतात परत. कुणी आलं नाही. युनूसभाईला तिकडे फोमच्याच कारखान्यात काम मिळालं. जायच्या आदल्या दिवशी कळण्याच्या भाकरीवर वांग्याचं भरीत घेऊन चुलीपाशी बसला होता, आणि अब्बांना म्हणाला, "जे आपल्याले खाऊन राह्यलं, आता त्यालेच आपन खाऊ." अब्बांना ते आवडलं नाही, ते उठून यंत्राकडे गेले. मला आवडलं होतं. तो असाच होता, दुखणं आलं की त्याचीच चेष्टा करून मोकळा होणारा. मला 'मास्तरीनबाई' म्हणायचा आणि माझ्या ताटातली मिरची पळवायचा.

दर शुक्रवारी दुपारी त्याचा फोन बसस्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर यायचा. अम्मा कितीतरी आधीपासून तिथल्या बाकावर जाऊन बसायची. बोलायला लागली की फोनमध्ये एवढी ओरडायची, की बूथवाला म्हणायचा, काकू, फोन ठेवा, असंच ऐकू जाईल त्याले.

त्या दिवसांत मी एसटीने बुलढाण्याला जायचे. कॉम्प्युटरचा कोर्स संपला आणि तिथेच प्रवीणदादाच्या इंटरनेटच्या दुकानात मला काम मिळालं. प्रवीणदादा मोठा उमदा माणूस, सगळ्यांना 'जय भीम' म्हणून हाक मारणारा आणि मशीन बंद पडलं की मशीनलाही शिव्या देणारा. तेव्हा मराठी वर्तमानपत्र उघडलं तरी पडद्यावर मराठी दिसेलच याची खात्री नसे. प्रत्येक पेपराचा फॉन्ट निराळा, तो आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर पानभर कचरा दिसायचा. हे काम मला जमायला लागलं. वासरात लंगडी गाय शहाणी, तसं त्या दुकानात माझं झालं. अक्षर बिघडलं की शमीमला बोलवा.

एकदा लोणारचं सरोवर बघायला निघालेला एक जपानी माणूस बस चुकली म्हणून आमच्या दुकानात आला. त्याचं ई-मेल उघडलं तर नुसती टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. मी हात जोडले. तो हसला, त्याने माझ्या हातातला माऊस घेतला आणि वरच्या पट्टीत 'व्ह्यू', त्याच्या खाली 'एन्कोडिंग' असं उघडून दाखवलं. आत भाषांची लांबलचक रांग. जपानी निवडलं आणि त्या कचऱ्याचं एका क्षणात चित्रासारखं सुंदर लिखाण झालं. मग मी तेवढ्यावर थांबले नाही, प्रवीणदादाला विचारून विचारून समजून घेतलं. कॉम्प्युटरला अक्षर ठाऊकच नसतं, त्याच्याकडे नुसते आकडे असतात. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर, याचा तक्ता प्रत्येक भाषेचा वेगळा. चुकीचा तक्ता लावला की आकडे तेच राहतात, पण दिसतो तो गोंधळ. पान शुद्धच असतं, आपण वाकड्या चष्म्यातून बघत असतो. मला हे फार आवडलं होतं. वाटायचं, जगातला कुठलाही कचरा आता मला वाचता येईल. त्या वयात माणूस काहीही समजतो.

आणि मग एका शुक्रवारी फोन आला नाही.

पुढच्याही आला नाही. कारखान्याचा नंबर होता, तो लावला तर पलीकडून कुणीतरी अरबीत चार शब्द बोलून ठेवून देई. कलेक्टर कचेरीत सांगितलं, दिल्लीला अर्ज करा. अर्ज केला. अम्मा शुक्रवारी बाकावर जाऊन बसतच होती, आणि बूथवाला, जो आधी तिची चेष्टा करायचा, तो तिला न विचारता चहा आणून द्यायला लागला. त्या चहावरूनच मला भीती वाटायला लागली.

तेवढ्यात शेजारच्या खेड्यातला जब्बार परत आला. तो युनूसभाईच्या बरोबर त्याच कारखान्यात होता. अब्बा आणि मी त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर मान खाली घालून बसला होता, हाताला भाजल्याचे डाग. म्हणाला, "चाचा, दुपारच्याले आग लागली. बकरीदीच्या आदल्या दिवशी. फोम होता नं, पेटला तं धूरच धूर. मी बाहीर पडलो. युनूस कुठी गेला ते नाई मालूम. काही दवाखान्यात नेले, काही पोलिसांनं नेले. आमाले तं दुसऱ्याच गावी नेऊन टाकलं अन् मंग इमानात बसवलं." अब्बा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले, तू पाहिलं का त्याले, अन् तो पुन्हा पुन्हा मान हलवत राहिला. निघताना त्याने मला बाजूला बोलावलं. "तिथल्या पेपरात आलतं म्हनतात. पेपर इंटरनेटवर असते. तू शिकेल हायेस, पाह्य." आणि एका चिटोऱ्यावर पत्ता दिला.

तो पत्ता उघडला आणि पडद्यावर तोच जुना कचरा आला. टोप्यावाली अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, शेपटीवाले सी. या वेळी मात्र त्या कचऱ्यात माझा भाऊ होता. एन्कोडिंगमध्ये अरबी शोधलं, तर अरबीचेच तीन निरनिराळे तक्ते. पहिला लावला तर पडदाभर रिकाम्या चौकटी, कारण त्या जुन्या मशीनमध्ये अरबी अक्षरांचा फॉन्टच नव्हता. प्रवीणदादाने कपाटातून मूळ सीडी काढली, गिऱ्हाईकाला दुसरीकडे बसवलं, अरबी घातली, मशीन बंद करून चालू केलं. आता अक्षरं आली. मी घाईघाईने वाचायला गेले तर जीभच अडखळली. अर्धी अक्षरं जागेवर, अर्धी भलतीच, एखाद्याच्या तोंडातले पुढचे दात पडल्यासारखे शब्द. तक्ता चुकीचा होता. दुसरा लावला, तेव्हा कुठे पान सरळ झालं. पण पेपरवाल्यांनी पानावर स्वतःचीच भाषा चुकीची नोंदवली होती, म्हणून दुसरं पान उघडलं की पुन्हा कचरा, पुन्हा व्ह्यू, पुन्हा एन्कोडिंग, पुन्हा अरबी. बकरीदीच्या आसपासचं प्रत्येक पान मी असं सरळ करत गेले, आणि प्रत्येक पान सरळ होऊनही माझ्यासाठी मुकंच होतं. वर्तमानपत्रात जेर-जबरच्या खुणा नसतात, त्यामुळे मला धड वाचताही येत नव्हतं, मग समजणं तर लांबच. माझी भाची परवा फोनवर एका परक्या भाषेतल्या पानावर बोट ठेवून दोन श्वासांत त्याचं मराठी करून मला दाखवत होती. मी तिला म्हटलं, बाई, ते बंद कर. तिला वाटलं मला समजत नाही.

मग एका पानावर जळक्या पत्र्यांचा फोटो दिसला. त्याच्या खाली छोटी बातमी. मी अक्षर अक्षर बोट फिरवत गेले आणि एका ठिकाणी बोट थांबलं. युनूस. कुराणात युनूस पैगंबरांच्या नावाचं एक प्रकरण आहे, हाफिजसाहेबांनी ते आमच्याकडून कितीदा वाचून घेतलं होतं. ते नाव मी झोपेतही ओळखलं असतं. पुढे अब्बांचं नावही होतं. तो आमचाच युनूस. पण त्याचं काय झालं, तो दवाखान्यात आहे की कोठडीत, ते सांगणारे शब्द त्या नावाच्या आजूबाजूलाच बसलेले होते आणि मला एकही ओळखू येत नव्हता. अशी लाचारी मी आयुष्यात दुसऱ्यांदा अनुभवली नाही. पान छापायला गेले तर प्रिंटरने कागदावर पुन्हा टोप्यावाली अक्षरंच ओतली. शेवटी प्रवीणदादाने पडद्याचाच फोटो काढून तो छापून दिला. मी कागद ओढणीत घेऊन एसटीत बसले. वाटेतल्या मोताळ्यापर्यंत मला रडू आलं नाही, नंतर आलं.

घरी सांगितलं, युनूसभाईचं नाव पेपरात आहे. अम्माने कागद दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला, आणि तिलाही ते नाव लगेच सापडलं. तिचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर रक्त आलं. "नाव आलं म्हंजे हाये," ती म्हणाली. "युनूस पैगंबर तं माशाच्या पोटात गेल्ते, अन् तिथून बी जित्ते आले. त्याच्याचसाठी ठेवलं होतं मी हे नाव." मी म्हटलं, मलकापूरच्या मदरशात अरबी समजणारे मौलाना आहेत, उद्या त्यांच्याकडे जाऊ. अम्मा कुठली उद्यापर्यंत थांबते. तिने शेजारच्या पोराला पळवलं, हाफिजसाहेबांना घेऊन ये म्हणून.

हाफिजसाहेब आले तेव्हा खोलीत बाया जमल्या होत्या. अब्बांनी यंत्र बंद केलं. हाफिजसाहेब तोवर फार म्हातारे झाले होते, नजर अधू, मी त्यांच्यापुढे कागद धरून बसले. ते म्हणाले, "शम्मू, अर्थ मले पुरा नाई लागनार हं, मी अगुदर सांगून ठेवतो." अम्मा म्हणाली, "तुमी वाचा तं खरं." त्यांनी आधी बिस्मिल्ला म्हटलं, कारण अरबी कागद हातात घेतल्यावर ते न म्हणता सुरुवात करणं त्यांना माहीतच नव्हतं. आणि एकदा बिस्मिल्ला म्हटल्यावर त्यांचा आवाज आपोआप त्या जुन्या चालीवर चढला. कारखान्याच्या आगीची बातमी ते आयुष्यभर कुराण वाचत आले तशी वाचायला लागले. लांब, हेलकावे घेत, शब्दाच्या शेवटी श्वास सोडत. बायांनी पटापट डोक्यावरून पदर घेतले. कुणीतरी मांडीवरच्या लेकराला गप्प केलं. अम्माने दोन्ही हात छातीपुढे उचलले आणि डोळे मिटले.

युनूस हे नाव आलं तेव्हा अम्माचे ओठ हलले. त्याच्या पुढे दोन शब्द गेले आणि हाफिजसाहेबांचा आवाज किंचित बसला, खोकला यायच्या आधी बसतो तसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं नजर अडखळली, म्हणून मी कागद जवळ धरला. त्यांनी अम्माकडे पाहिलं. मग डोळे कागदावर नेले आणि पुढचं सगळं त्याच चालीवर, शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.

"आमीन," अम्मा म्हणाली. खणखणीत आवाजात. तिच्यामागून सगळ्या बाया म्हणाल्या, मीही म्हणाले, तसंच होवो म्हणून. अम्माने हात तोंडावरून फिरवले आणि म्हणाली, "किती गोड वाचलं, हाफिजसाब. कलेजा थंडा झाला माहा. जेवल्याबिगर जायचं नाई." आणि ती आत पीठ मळायला गेली. इतक्या आठवड्यांत तिने मनापासून चूल पेटवली नव्हती.

अब्बा आणि मी हाफिजसाहेबांना हात धरून अंगणात आणलं. ते ओट्याच्या कडेवर बसले. मग म्हणाले, "वफात लिवलं हाये. दफन बी लिवलं हाये. हे शबद उर्दूत तसेच असते. पोरगं गेलं, भाई. मातीबी तिकडंच झाली." अब्बांनी विचारलं, "मंग वाचत काऊन राह्यले तुमी?" ते म्हणाले, "तिचे हात वर होते. मले थांबता नाई आलं." मलकापूरच्या मौलानांनी दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं, एका शब्दाचाही फरक नाही.

अब्बा ओट्यावरच बसून राहिले. आत जायची त्यांच्यात ताकद नव्हती, हे मला दिसत होतं. बाया आपापल्या घरी गेल्या होत्या. अम्मा तव्यावर भाकर टाकत होती, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाफिजसाबले लोनी वाढजो." मी तिच्याजवळ बसले आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही, आठवावं असंही वाटत नाही. ती रडली नाही. भाकर तव्यावर करपत गेली, तिने ती उलटली नाही, मीही उलटली नाही. मग तिने मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, रोजच्या कामाबद्दल विचारावं तसं.

"मंग मी आमीन कायले म्हटलं?"

मी तवा चुलीवरून खाली उतरवला.

"माह्या पोराच्या मरनाले मी आमीन म्हटलं, शम्मे. माह्या तोंडानं. अन् कोनीच माहा हात धरला नाई."

त्यानंतर अम्मा पुष्कळ वर्षं जगली. पहाटे वाचायची, रोजे करायची, आल्यागेल्याला जेवू घालायची. हाफिजसाहेबांवर तिने कधी राग धरला नाही, ते गेले तेव्हा सगळ्यांत जास्त तीच रडली. पण कुणाच्याही घरी दुआ मागायला बसलो, की अम्माचे हात सगळ्यांबरोबर वर यायचे, आम्ही सगळे आमीन म्हणायचो, आणि ती तोंड घट्ट मिटून एकेकाच्या ओठांकडे बघत बसायची.